मूकपटाला वाद्यवृंदाची साथ: सांगलीतल्या प्रयोगासाठी

सांगलीतील एका महाविद्यालयीन चित्रपट मंडळाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एखादा जुना मूकपट नाट्यगृहात मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि सांगली-मिरजेतल्याच दहा-बारा वादकांनी समोर बसून त्याला साथ करायची, असे त्यांनी ठरवले आहे, तर चित्रपट कोणता निवडावा, संगीत आधी लिहून घ्यावे की वादकांवर सोडावे, आणि चालत्या चित्राशी वाद्यांचा मेळ राखावा कसा? मी वीस वर्षे संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो आहे आणि त्यातली गेली बारा वर्षे अधूनमधून मूकपटांनाही साथ केली आहे. त्यामुळे या उत्तरात वादकाची बाजू जास्त येईल. चित्रपटाचा इतिहास गरजेपुरताच येईल.

सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. संगीत नाटकात नट पद रंगवू लागला की साथीदार त्याच्या मागे जातो, त्याने तान लांबवली तर ठेका धरून ठेवतो, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी दोघांची नजरानजर होतेच. पडदा हा मात्र असा गायक आहे की जो साथीदाराकडे एकदाही पाहत नाही. तो थांबत नाही, चुकत नाही, दाद मिळाली म्हणून एखादी जागा पुन्हा घेत नाही, आणि तबलजीचा हात चुकला काय किंवा व्हायोलिनची तार तुटली काय, त्याला काहीच फरक पडत नाही. म्हणून मूकपटाच्या साथीत सगळी लवचीकता वाद्यांच्याच बाजूला ठेवावी लागते, आणि ती कुठे ठेवायची हे आधी ठरवून ठेवावे लागते.

आता चित्रपटाबद्दल. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले तीसच्या आतबाहेर आहेत. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने केलेले बहुतेक मूकपट गेले, ही सांगलीकरांना अधिक जवळची हळहळ. जे उरले आहे त्यात पहिल्या प्रयोगासाठी मी दादासाहेब फाळक्यांचा १९१९ मधला ‘कालिया मर्दन’ सुचवेन. ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) नाव मोठे आहे, पण त्याची काही रिळेच हाती आहेत आणि अर्धवट कथेला सलग संगीत बांधणे फार कठीण जाते, तो कार्यक्रमाच्या सुरुवातीला छोटा तुकडा म्हणून दाखवावा. ‘कालिया मर्दन’ची कथा प्रेक्षकाला ठाऊक असते, बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आहे, खोड्या आहेत, यमुनाकाठचा आकांत आहे, पाण्याखालची झुंज आहे आणि शेवटी फणेवरचे नृत्य आहे. वादकाला आणखी काय हवे? विनोदाकडे ओढा असेल तर बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) उत्तम. त्यात आगगाडीच लय देते. मात्र पळती गाडी तासभर वाजवणे हे तबलजीच्या मनगटाला किती झेपेल, याचा विचार आधी करावा. ‘प्रपंच पाश’ (१९२९) देखणा आहे. तो मी दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवीन.

हक्कांच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे फाळक्यांचे चित्रपट केव्हाच मुक्त झाले आहेत. परंतु त्यांना आज कोणी नव्याने लावलेले संगीत मुक्त नसते, आणि मूळ संगीतावर संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. चार्ली चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’चे (१९३१) संगीत स्वतः केले आणि तो १९७७ मध्ये वारला, तेव्हा त्या संगीताला २०३७ संपेपर्यंत हात लावता येणार नाही. चॅप्लिनच्या चित्रपटांसाठी हक्कधारकांना आधी पत्र लिहावे आणि उत्तर येईपर्यंत फलक छापू नयेत. फाळक्यांच्या चित्रपटाची चांगली प्रत मिळवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे रीतसर अर्ज करावा. हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. इंटरनेटवर फिरणारी प्रत घरी तालमीला चालेल, पण मोठ्या पडद्यावर तिच्यातले चेहरे पिठासारखे दिसतात.

प्रत मागताना पहिला प्रश्न तिच्या गतीचा विचारावा. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी (फ्रेम), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे साधारण १६ चौकटी. बोलपटाबरोबर सेकंदाला २४ चौकटींची गती पक्की झाली. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, त्यामुळे हिशोब सोपा आहे: १६ च्या गतीने एक फूट फिल्म एका सेकंदात सरते. चार हजार फुटांचा चित्रपट १६ ने चालवला तर सुमारे ६७ मिनिटे, १८ ने चालवला तर सुमारे ५९, आणि कोणी अजाणता २४ ने चालवला तर साडेचव्वेचाळीस मिनिटांत संपतो. हे गुणोत्तर नेमके दीडपट आहे. विलंबित बंदिश कोणी न सांगता आडलयीत सुरू करावी तसे ते होते: माणसे तुरुतुरु पळतात आणि प्रेक्षक करुण प्रसंगात हसतात. मूकपट म्हणजे धावणारी माणसे, हा समज याच चुकीतून पसरला आहे. संगणकावरच्या फाइलमध्ये बहुधा मधल्या काही चौकटी दोनदा दाखवून ही गती सांभाळलेली असते. १६ साठी दर दुसरी, १८ साठी दर तिसरी. ते किंचित अडखळल्यासारखे दिसते, पण पळण्यापेक्षा पुष्कळ बरे. प्रत कोणत्याही गतीची असो, ज्या फाइलवर तालीम झाली तीच फाइल प्रयोगाला लावायची. एका शेजारच्या गावात आमच्या प्रयोगाच्या दिवशी यंत्र सांभाळणाऱ्या माणसाने अधिक स्वच्छ प्रत मिळाली म्हणून सद्भावनेने ती लावली. तिच्या सुरुवातीला कुठलेसे बोधचिन्ह होते आणि मजकुराच्या पाट्या जास्त वेळ थांबत होत्या. प्रसंगांच्या वेळा लिहिलेला आमचा कागद चित्राच्या आधी ४० सेकंद आणि शेवटी जवळजवळ तीन मिनिटे पुढे गेला. यशोदेच्या रडण्यावर आमची रांगडी झांज वाजली. तेव्हापासून मी प्रयोगाआधी फाइलची एकूण लांबी स्वतः पाहतो, आणि पहिल्या व शेवटच्या पाटीची वेळ कागदावरच्या वेळेशी ताडून घेतो.

संगीत लिहून घ्यावे की सोडून द्यावे, या प्रश्नाला मूकपटाच्या काळानेच उत्तर दिलेले आहे. सँ-साँसने १९०८ मध्ये एका फ्रेंच चित्रपटासाठी, एडमुंड मायझेलने १९२६ मध्ये ‘बॅटलशिप पोटेम्किन’च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनासाठी, गॉटफ्रीड हुपर्ट्झने १९२७ मध्ये ‘मेट्रोपोलिस’साठी संपूर्ण संगीत लिहिले, पण हे अपवाद होते. रोजच्या खेळाला वादकांकडे प्रसंगांची यादी असे आणि प्रत्येक प्रसंगाला जुळणारा तुकडा संग्रहातून काढून वाजवला जाई. जुझेप्पे बेच्चेने असे तयार तुकडे १९१९ पासून छापलेच होते. आपल्याकडे पडद्यापुढे पेटी आणि तबला असे. तुम्हीही हाच मधला मार्ग घ्यावा. सांगली-मिरजेत स्टाफ नोटेशन झरझर वाचणारे बारा वादक एका वेळी मिळणार नाहीत, आणि ज्यांना वाचता येते त्यांच्यासमोर लिहिलेला कागद ठेवला की ते पडद्याकडे पाहत नाहीत. याउलट पूर्णपणे उत्स्फूर्त ठेवले तर बारा जण बारा दिशांना जातात आणि शेवटी सगळे तबल्याच्या मागे लागून द्रुत त्रितालात पोहोचतात, चित्रात काहीही चालू असो.

मी जो कागद करतो त्यात प्रत्येक प्रसंगाची सुरुवातीची वेळ, चित्रात काय घडते, राग किंवा धून, ताल, लय आणि कोणती वाद्ये, एवढेच असते. त्यात चार-पाच मिनिटांच्या अंतराने मी ‘सांधे’ ठरवतो. सांधा म्हणजे अशी दृश्य घटना, जी चुकवायची नाही: कृष्ण डोहात उडी घेतो, फणा वर येतो, माता बेशुद्ध पडते. सांध्यावर संगीत आणि चित्र नेमके भेटले पाहिजे. दोन सांध्यांच्या मधे थोडे पुढेमागे झाले तरी चालते. अख्खा चित्रपट सेकंदाबरहुकूम बांधायला गेलात तर प्रत्येक पावलाला टिचकी आणि प्रत्येक थेंबाला घंटी वाजू लागते, आणि प्रेक्षकाला चित्रापेक्षा वादकांची हुशारी दिसते.

सांध्यापर्यंत पोहोचण्याचा हिशोब मात्रांनी करावा. समजा पाण्याकाठच्या प्रसंगाला एक मिनिट ५० सेकंद आहेत आणि मिनिटाला ९६ मात्रांचा त्रिताल आहे. सोळा मात्रांचे एक आवर्तन दहा सेकंदांचे होते आणि अकरा आवर्तनांत प्रसंग बरोबर पुरा होतो. पण प्रयोगाच्या रंगात लय ९६ वरून १०० वर जाणारच, आणि मग अकरावे आवर्तन साडेचार सेकंद आधी संपते. ही वाढलेली लय ओढून मागे आणू नये, ते लगेच ऐकू येते. त्याऐवजी नऊच आवर्तने बांधलेली ठेवावीत, उरलेल्या काळात फक्त लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी छोटी सुरावट) आणि ठेका चालू ठेवावा, आणि घटना दिसू लागताच प्रमुखाने हात दाखवताच तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर यावे. उडी दिसते आणि त्याच क्षणी सम पडते, याची मजा आपल्या प्रेक्षकाला वेगळी सांगावी लागत नाही. त्याचा हात आपोआप मांडीवर पडतो. ही तिहाई लहान असावी, कारण लांबलचक तिहाई सुरू झाली की पडदा तिच्यासाठी थांबत नाही. परदेशात अशा कार्यक्रमांत पुष्कळदा सर्वांच्या कानात मोजणीची टिकटिक सोडतात. पन्नास जणांसाठी तिचा उपयोग असेल. बारा जणांत तबलजीच ती टिकटिक आहे, आणि कानात यंत्र घातलेला सारंगिया शेजारच्या बासरीला ऐकत नाही.

रागांच्या निवडीत दोन चुका टाळाव्यात. पहिली, प्रत्येक भावनेला एक ठरीव राग चिकटवणे. रडले की जोगिया आणि पाऊस आला की मल्हार, असे केले तर दहाव्या मिनिटाला प्रेक्षक पुढचा राग ओळखू लागतो. दुसरी चूक अधिक मोहात पाडणारी आहे: सांगलीत प्रयोग म्हणून ओळखीच्या नाट्यपदाची चाल घेणे. चाल ओळखीची निघाली की सभागृह शब्द गुणगुणू लागते आणि चित्र बाजूला पडते. मी पद्धत अशी ठेवतो की दोन-तीन लहान धुनी नव्या बांधायच्या, एक बाळकृष्णाची, एक काठावरच्या लोकांची, एक कालियाची, आणि त्या वेगवेगळ्या लयींत, वेगवेगळ्या वाद्यांवर फिरवायच्या. कालियाची धून पहिल्यांदा पखवाजाच्या साथीने फक्त खर्जात यावी. तासभर एकच षड्ज कानाला कंटाळा आणतो आणि आपल्या वाद्यांचा षड्ज बदलणे अवघड, म्हणून मी पेटीच्या पट्ट्यांतली काळी दोन आणि तिचा मध्यम म्हणजे काळी चार, असे दोन सा धरतो. पाण्याखालची सगळी झुंज दुसऱ्या षड्जावर. वर आल्यावर परत काळी दोन लागते तेव्हा श्वास घेतल्यासारखे वाटते.

मजकुराच्या पाट्यांकडे आयोजक दुर्लक्ष करतात, आणि मला तो भाग फार महत्त्वाचा वाटतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्या इंग्रजी आणि हिंदीत आहेत, परदेशी चित्रपटाच्या पाट्या अर्थात त्या त्या भाषेत असतात. सांगलीच्या प्रयोगाला आजीबरोबर नात येणार, एकीला अक्षरे लहान वाटणार आणि दुसरीला वाचायला वेळ पुरणार नाही. पूर्वी रांगेतला कोणीतरी शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाचत असे. मी एका अनुभवी रंगभूमीच्या नटाला वादकांशेजारी बसवून पाट्या मराठीत वाचून घेतो, तेवढेच. प्रसंगांचे निरूपण नाही. कीर्तनाची सवय असलेला निवेदक असेल तर त्याला हा बांध घालणे जड जाते, एवढे लक्षात ठेवावे. पाटी आली की सुरावट घेणारी वाद्ये थांबतात आणि फक्त तानपुरा व ऑर्गनचा एक धरलेला सूर राहतो. आवाज त्यावर स्वच्छ बसतो. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी कथेच्या आधी मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे नाना भाव दाखवले आहेत. तिथे आम्ही पहिल्या वेळी प्रत्येक भावाला वेगळा तुकडा वाजवला आणि ते पोरकट झाले. आता तिथे एकटा तानपुरा असतो आणि मुलगी.

त्यावरून शांततेकडे येतो. तासाभरात किमान दोन जागा अशा ठेवाव्यात की जिथे एकही वाद्य वाजत नाही, पंधरा-वीस सेकंद. वादकांना हे पटवणे सर्वांत कठीण काम आहे, कारण न वाजवण्याची बिदागी मिळते हे त्यांना संशयास्पद वाटते, आणि तालमीत ठरलेल्या शांततेत प्रयोगाच्या वेळी कोणीतरी हमखास एक तार छेडतोच. कृष्ण डोहात गेल्यानंतर पाणी स्थिर दिसते, ती जागा मी सोडतो. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज ऐकू येतो, कोणी खोकते, आणि मग काठावरचे लोक दिसतात तेव्हा सारंगी लागते. सारंगी अकराव्या मिनिटापासून वाजत असती तर इथे तिला काही काम उरले नसते.

वाद्ये दहा ते बारा पुरेत: ऑर्गन, तबला, पखवाज, सारंगी, दोन व्हायोलिन, बासरी, सतार, क्लॅरिनेट, तालवाद्यांसाठी एक माणूस, आणि तानपुरा. क्लॅरिनेटसाठी बँडवाल्यांकडे जावे. त्यांच्यात दमदार फुंक असलेले आणि एकदा ऐकून उचलणारे वादक असतात, फक्त त्यांना हळू वाजवायला चार तालमी लागतात. तानपुऱ्याची चिंता या गावात करू नये, मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र वातानुकूलन सुरू झाल्यावर तारा आणि तबल्याची पुडी दोन्ही उतरतात-चढतात, म्हणून प्रेक्षक येण्याआधी तासभर ते चालू ठेवून मगच सूर जुळवावेत.

वादक रंगमंचावर पडद्याखाली बसवू नयेत. त्यांच्या दिव्यांचा उजेड पडद्यावर सांडतो. पहिल्या दोन रांगांपुढे, जमिनीवर, एका बाजूला झुकून बसावे, म्हणजे प्रमुखाला पडदा आणि तबलजी दोन्ही दिसतात. कागदावर मंद पिवळा दिवा, त्याला पुठ्ठ्याची झापड. मूकपटाची चौकट चारास तीन असते, त्यामुळे बारा फूट उंचीचा पडदा सोळा फूट रुंद होतो, आणि आजच्या रुंद चित्राच्या प्रोजेक्टरची पाऊण चौकटच वापरली जाते. उरलेला प्रकाश वाया जातो, म्हणून भाड्याने घेताना गरजेपेक्षा जास्त क्षमतेचे यंत्र मागावे. चित्र ताणून पूर्ण पडदा भरण्याचा आग्रह कोणीतरी धरेल. त्याला नम्रपणे नकार द्यावा, नाहीतर बाळकृष्ण बुटका आणि जाड दिसतो. ध्वनिक्षेपक फक्त सारंगी, बासरी, तानपुरा आणि वाचकाला.

तारखेबद्दल थोडेच. ३ मे हा ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रदर्शनाचा दिवस म्हणून सर्वांना सुचतो, पण ती लग्नसराई असते आणि क्लॅरिनेट वरातीत असते. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, सांगलीतले रंगकर्मी आणि नाट्यगृह दोन्ही व्यग्र असतात. विष्णुदास भाव्यांचा १८४३ चा प्रयोग याच गावातला, तेव्हा त्या दिवशी दुसरे काही होणे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याचा भरवसा नाही, हे २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्यांना सांगायला नको. जानेवारी बरा. पैसे कमी असतील तर फलकांवर वाचवा, तालमींवर नको: चित्रपट प्रथम दोनदा अगदी मुका पाहावा, मग प्रसंगवार तीन तालमी, आणि मग नाट्यगृहातच, त्याच यंत्रावर, न थांबता एक रंगीत तालीम. पहिली चौकट दिसताच घड्याळ सुरू करण्याचे काम एकाच माणसाला नेमून द्यावे, आणि तो वादक नसावा.

शेवटची सूचना दिव्यांच्या माणसासाठी आहे. चित्र संपून पडदा काळा झाला की तो सवयीने लगेच सभागृहातले दिवे लावतो. त्याला आधी सांगून ठेवा की पडदा काळा झाल्यावर तानपुरा आणखी वीस सेकंद चालू राहणार आहे, आणि तारा थांबल्याचे ऑर्गनवाल्याने मान हलवून कळवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.